विष्णुक्रांतेची ओळखपरेड

विष्णुक्रांता उभ्या माणसाला दिसत नाही. तिच्यासाठी उकिडवे बसावे लागते, आणि तिच्या पानांवरच्या केसांपर्यंत पोहोचायचे असेल तर सरळ पालथे पडावे लागते. बेंगळुरूच्या वायव्येला हेसरघट्ट्याचे माळरान आहे. तिथे सप्टेंबरातल्या सकाळी असे पालथे पडलेले लोक अधूनमधून भेटतात. गुराखी त्यांच्याकडे पाहून हसतात आणि पुढे जातात. पालथ्या माणसाच्या डोळ्यांसमोर असते करंगळीच्या नखाएवढे एक निळे फूल. त्याच्या मध्यभागी पांढरट डोळा, आणि खाली देठ इतका बारीक की तो दिसेपर्यंत फूल कशावर टेकले आहे हेच कळत नाही.

तिचा दिनक्रम ठरलेला आहे. ऊन चढले की उघडायचे आणि दुपारी मिटायचे. एका फुलाला एकच सकाळ मिळते, दुसऱ्या दिवशी शेजारची कळी कामावर हजर होते. खुडून हातात घेतलेले फूल गाडीपर्यंत पोहोचेतो पाकळ्या आवळून घेते, त्यामुळे ‘घरी जाऊन निवांत बघू’ म्हणणाऱ्यांना ती काहीच दाखवत नाही. पावसाळा ही तिची चैन. उन्हाळ्यात वरचा पसारा वाळून जातो आणि ती जमिनीखालच्या जाडसर, लाकडी बुडख्यात जाऊन बसते. वर गुरे चरोत, वणवा फिरून जावो, माणसे चपला घासत जावोत, वळवाचे पाणी मुरले की बुडख्यातून पुन्हा आठदहा फांद्या चहूकडे फुटतात. स्वभाव चिवट, पण कुठे मिरवणे नाही.

इथवर सगळे सरळ आहे. घोटाळा तिच्या पेहरावात आहे.

पायवाटेच्या कडेला, जिथे शेळ्यांची रोजची वर्दळ, तिथली विष्णुक्रांता जमिनीला चिकटून पसरलेली असते. पाने आखूड, लंबगोल, टोकाला बोथट आणि राखाडी केसांनी इतकी भरलेली की हिरवा रंग शोधावा लागतो. दहा पावले गवतात शिरले की तिथली वीतभर ताठ उभी. पाने अरुंद, टोकदार, रुंदीच्या कितीतरी पट लांब, आणि केस अंगाला चिकटून बसलेले, रेशमी. मुरमाड उतारावर तिसरीच कोणी भेटते: पाने रुंद, आणि केस चिकटलेले नव्हे तर सुटे उभे. फुलांचा दांडा कुठे पानापेक्षा चांगला लांब, कुठे पानाच्या बगलेतच संपलेला. त्या दांड्यावर कुठे एकच फूल, कुठे तीनचार. निळ्या रंगाचेही तेच. कधी गडद, कधी धुतलेल्या कापडासारखा फिका, आणि क्वचित एखादे झाड चक्क पांढऱ्या फुलांचे.

नवशिक्याच्या वहीत मग तीन नावे पडतात आणि तिन्हींपुढे प्रश्नचिन्हे. त्याला हसण्याचे कारण नाही, कारण मोठमोठ्यांच्या वह्यांतही हेच झाले. लिनीअसने अरुंद पानांच्या एका रूपाला वेगळी प्रजाती मानले. लामार्कने केसाळ रूपाला निराळे नाव दिले. रॉबर्ट ब्राउनने ऑस्ट्रेलियातल्या लोळण घेणाऱ्या रूपाला तिसरे नाव दिले, आणि ब्लूमने जावातल्या रूपाचे चौथे बारसे केले. 1934 साली उत्रेख्तच्या सायमन यान व्हान ओस्टस्ट्रूम या तरुण डच वनस्पतितज्ज्ञाने तिच्या सगळ्या घराण्याचा जाडजूड अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने या नावांतली बरीचशी एका छत्राखाली आणली खरी, पण छत्राखाली पुन्हा खोल्या पाडल्या. एकट्या विष्णुक्रांतेचे डझनाहून जास्त प्रकार त्याने मांडले. पानाची रुंदी किती, केस कसे, दांडा किती लांब, यांवर प्रत्येकीची खोली ठरली. पुढे चीनच्या ‘फ्लोरा’ने आपल्या मुलखापुरते त्यांतले तीन प्रकार ठेवले. इतर अनेक पुस्तकांनी खोल्यांचे दरवाजे उघडून सगळ्यांना ओसरीवर बसवले: एकच प्रजाती, रूपे अनेक, पुढे बोलू नका.

वनस्पतिशास्त्रात हे दोन स्वभाव कायमचे आहेत. एकाला तोडून वेगळे करण्यात आनंद, दुसऱ्याला जोडून एकत्र ठेवण्यात. विष्णुक्रांतेने दोघांनाही भरपूर काम दिले. तोडणाऱ्याला ती रोज नवा पुरावा देते. पण जोडणाऱ्याने दोन पुराव्यांच्या मधल्या जागेत जाऊन पाहिले की तिथे दोन्हींचे गुण अर्धे-अर्धे घेतलेली तिसरी बसलेली असते. पायवाटेवरची आणि गवतातली या दोघींच्या मध्ये, गवत विरळ होते त्या पट्ट्यात, मधल्या पानांच्या आणि मधल्या उंचीच्या विष्णुक्रांता ओळीने सापडतात. सीमारेषा कुठे मारायची हे मग पट्टी घेऊन बसलेल्या माणसाच्या मर्जीवर राहते.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा चेहऱ्यामोहऱ्यावर विसंबून भलेभले फसले. त्याचा निकाल लागायला 1776 साल उजाडले. विष्णुक्रांतेच्या बाबतीतही पाने, केस आणि उंची म्हणजे चेहरामोहरा. ओळखपरेडीत ते विचारात घ्यायचे नाही असे नाही, पण त्यावर निकाल द्यायचा नाही. निकाल देणाऱ्या खुणा तीन आहेत आणि त्या जगभरातल्या सगळ्या विष्णुक्रांतांना सारख्याच लागू पडतात.

पहिली खूण वागण्याची. ती हरिणपदी कुळातली, म्हणजे रताळे आणि गारवेल यांची नातलग. हे कुळ वेलींचे. दिसेल त्या काठीला, तारेला, शेजाऱ्याला विळखा घालायचा हा घरचा रिवाज. विष्णुक्रांता कोणालाही विळखा घालत नाही. तिच्या फांद्या सरळ पसरतात, फारतर टोके उचलतात. शेजारी उंच गवताची काडी असली तरी तिला वेटोळे नाही. लिनीअसने तिच्या घराण्याला इव्हॉल्व्ह्युलस हे नाव दिले ते याच कारणासाठी, गुंडाळणाऱ्या कॉन्व्हॉल्व्ह्युलसच्या उलट, उलगडलेली म्हणून.

दुसरी खूण फुलाच्या पोटात, आणि खरा निकाल तिच्यावर. दहापट भिंग घ्या आणि निळ्या तबकडीच्या मधोमध पाहा. पाच पुंकेसरांच्या मध्ये अंडाशयाच्या डोक्यावरून दोन बारीक दांडे निघतात, त्यांना कुक्षिवृंत म्हणतात. त्यांतला प्रत्येक दांडा पुढे जाऊन दुभंगतो. दोनाचे चार झाले. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये दांडा एकच असतो आणि त्याच्या टोकाला दोन फाटे. हा फरक उन्हासावलीने बदलत नाही, शेळीच्या तोंडाने बदलत नाही, श्रीलंकेत आणि सोलापुरात वेगळा होत नाही. चार फाटे दिसले की घराणे पक्के.

तिसरी खूण फळाची. मटाराहूनही लहान गोल बोंड, पिकल्यावर चार फाळ्यांनी उकलते आणि आत बहुधा चार गुळगुळीत काळपट बिया. ज्यांच्याकडे भिंग नाही आणि जे दुपारी फुले मिटल्यावर माळावर पोहोचतात, त्यांना ही खूण फार उपयोगी. झोपाळू निसर्गप्रेमींवर तिने केलेला हा उपकारच.

कागदोपत्री तिची पहिली मोठी हजेरी लागली ती कोचीनच्या डच गव्हर्नराच्या दप्तरात. हेंड्रिक व्हान र्‍हीडने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला. 1678 पासून तो ॲमस्टरडॅमला छापला जात होता. 1692 च्या अकराव्या खंडात विष्णुक्रांता आहे, नावाचे डच कानांनी जे करायचे ते करून झालेले, पण चित्र असे की आजही बोट ठेवून सांगावे. या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य होते आणि त्यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांचे देवनागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे. युरोपात छापलेल्या वनस्पतिग्रंथात आपली लिपी अशी विष्णुक्रांतेच्या सोबतीने शिरली, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

लिनीअसपर्यंत ती पोहोचली ती मात्र श्रीलंकेमार्गे. पॉल हरमान या डॉक्टरने डच कंपनीच्या चाकरीत असताना तिथे जमवलेले वाळके नमुने पुढे लिनीअसच्या टेबलावर आले. 1753 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने तिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस घराण्यात बसवले. त्याच ग्रंथाच्या 1762 च्या दुसऱ्या आवृत्तीत तिथून उठवून नव्या घराण्याची पाटी लावली: इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉयडिस. म्हणून तिच्या शास्त्रीय नावापुढे लिनीअसचे ‘एल’ हे अक्षर दोनदा लागते, एकदा कंसात आणि एकदा बाहेर. कंसातला जुना निर्णय, बाहेरचा नवा, आणि दोन्हींवर सही एकाच माणसाची.

या घराण्यात सुमारे शंभर प्रजाती आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचे माहेर अमेरिका खंड. आपल्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली हीच एक. पण गेल्या काही दशकांत बेंगळुरूत तिचे दोन नातलग येऊन राहिले आहेत आणि ओळखपरेडीच्या रांगेत तेही उभे असतात.

पहिली आली ती हिरवळीच्या पाठीवर बसून. पाने नाण्यासारखी गोल, म्हणून शास्त्रीय नावही इव्हॉल्व्ह्युलस नुम्म्युलारियस. फुले पांढरी, विष्णुक्रांतेहून लहानखुरी. ही खोडाच्या प्रत्येक पेरातून मुळे सोडत पुढे सरकते. सोसायटीच्या लॉनमध्ये, बागेच्या वाटांच्या कडेला, फुटपाथच्या फटींत ती सहज दिसते. तिला उपटायला गेले की ती एका जागी नाही, दहा जागी धरून असते. पांढऱ्या फुलांच्या विष्णुक्रांतेचा शोध लागला म्हणून शहरातून येणाऱ्या बातम्यांत पुष्कळ वेळा हीच निघते. पेरांना मुळे आहेत का एवढे पाहिले तरी हा प्रश्न मिटतो. विष्णुक्रांतेच्या फांद्या जमिनीला टेकतात, पण मुळे सोडत नाहीत.

दुसरी नातलग रोपवाटिकेतून पैसे मोजून आणलेली. ‘ब्लू डेझ’ नावाने ती बेंगळुरूपासून पुण्यापर्यंत सगळीकडे कुंड्यांत आणि दुभाजकांवर लावलेली असते. मूळ ब्राझीलची, नाव इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेराटस. फूल मोठे आणि निळे, झुडूप भरगच्च, वर्षभर हजर. चार फाटे तिलाही आहेत, कारण घराणे तेच. काही रोपवाटिकांत तिच्या कुंडीवर ‘विष्णुक्रांता’ किंवा ‘शंखपुष्पी’ अशी चिठ्ठी लावतात आणि सुनेच्या बाळंतपणापासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळ्यासाठी उपयोगी म्हणून विकतात. दिसायला ती विष्णुक्रांतेपेक्षा देखणी आहे, हे मान्य करायला हरकत नाही. पण माळावरच्या मुलीचे नाव तिला देण्याचा विक्रेत्याला अधिकार नाही.

नातलगांपर्यंत ठीक. खरा गोंधळ घालतात ते नातलग नसलेले.

गणपतीच्या एकवीस पत्रींत विष्णुक्रांता आहे, महाराष्ट्रात आहे तशीच कर्नाटकातही. गौरी-गणेशाच्या आदल्या दिवशी बसवनगुडीच्या गांधी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. केळीचे खुंट, केवडा, आणि दोऱ्याने बांधलेल्या पत्रीच्या जुड्या. इथली मराठी घरे आपल्या यादीचा कागद घेऊन फिरत असतात, काहींच्या कागदावर आजीचे मोडीवळणाचे अक्षर. जुडी विकणाऱ्या अज्जीला विचारावे, “अज्जी, यात विष्णुक्रांती आहे का?” अज्जी वर न बघता म्हणते, “इदे अम्मा, इदे.” जुडी सोडून पाहिली तर पाचसात पर्णिकांचे गोकर्णाचे पान. अज्जीवर आरोप नाही. कित्येक छापील पूजापोथ्यांतच विष्णुक्रांता म्हणजे गोकर्ण असे लिहिलेले असते. गोकर्ण शेंगा धरणाऱ्या कुळातला वेल, फूल निळे, एवढेच काय ते साम्य. देवाला चालत असेल. वनस्पतिशास्त्राला चालत नाही.

पूजेतला घोटाळा निरुपद्रवी म्हणता येईल, औषधातला नाही. चरकाने बुद्धी आणि स्मरणशक्तीसाठी जी चार मेध्य रसायने सांगितली त्यांत शंखपुष्पी आहे. मुलाच्या दहावीच्या वर्षी घरात आणल्या जाणाऱ्या सिरपच्या बाटलीवरही तिचेच नाव. पण शंखपुष्पी म्हणजे नेमकी कोण, हे विचारले की चार वनस्पती हात वर करतात. एक विष्णुक्रांता. दुसरी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रॉस्ट्राटस, पांढऱ्या-गुलाबी फुलांची, कोरड्या मुलखातली. भारताच्या अधिकृत आयुर्वेदिक औषधिकोशाने हिलाच, प्लुरिकॉलिस या तिच्या जुन्या नावाने, शंखपुष्पी म्हणून मान्यता दिली आहे. तिसरे गोकर्ण, ज्याला केरळात आणि कन्नडमध्येही शंखपुष्पच म्हणतात. चौथी कॅन्स्कोरा, किराइताच्या कुळातली, चार पाकळ्यांची आणि चौकोनी पंखधारी खोडाची, बंगालकडे वापरली जाणारी. केरळात विष्णुक्रांता म्हणजे विष्णुक्रांताच, आणि ती दशपुष्पांपैकी एक म्हणून मानाने ओळखली जाते. तमिळ सिद्ध वैद्यही तिला तिच्याच नावाने वापरतात. औषधात तरी दक्षिणेत या मुलीची ओळख शाबूत आहे, उत्तरेकडे जाता जाता तिचे कागद बदलतात.

बाजारात ही सगळी मंडळी वाळलेले ‘पंचांग’, म्हणजे मुळासकट सगळे झाड, म्हणून पोत्यांत येतात. फुले झडलेली, पाने चुरलेली, रंग मातकट. तिथे चार फाटे शोधायचे कुठे? तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली केस पाहतात. विष्णुक्रांतेचा केस साधा सरळ नसतो. तो एका बुंध्यावर आडव्या दोन हातांचा असतो. माळावर ज्या केसांनी आपल्याला फसवले तेच केस पोत्यात साक्षीला उभे राहतात: किती आणि कसे बसलेले हे बदलते, घडण बदलत नाही. औषधी कच्च्या मालाची अशी ओळख पटवण्याचे काम बेंगळुरूतच, येलहंक्याच्या बाजूला जारकबंडे कावलजवळ चालते. ते करणारी एफआरएलएचटी ही संस्था बेंगळुरूत 1993 साली सुरू झाली. तिचे संस्थापक दर्शन शंकर त्याआधी कर्जत भागात काम करत होते. संस्थेचे स्वतःचे हर्बेरियम, म्हणजे कागदावर दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह, आहे, आणि बाजारातून आणलेल्या वाळक्या औषधी मालाचा संग्रहही. झाडाचा कागद आणि पोत्यातला चुरा एकाच छपराखाली समोरासमोर ठेवता येणे ही फार मोठी सोय आहे.

आता मुख्य प्रश्न. ती अशी का बदलते?

सोपे उत्तर असे की जागा तशी ती. शेळीने शेंडा खाल्ला की फांद्या आडव्या जातात. गवतात उजेडासाठी मान उंच करावी लागते. कोरड्या उघड्या जागेत केसांची दाट चादर पाणी उडणे कमी करते. हे उत्तर खरे आहे, पण ते अर्धे आहे. 1922 साली स्वीडनमध्ये ट्युरेसनने एकाच प्रजातीची समुद्रकाठची आणि आतल्या मुलखातली झाडे आणून एकाच बागेत लावली. काही फरक एका हंगामात विरून गेले. काही मात्र बागेतही तसेच राहिले, म्हणजे ते जागेने दिलेले नव्हते, रक्तातले होते. कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हायसी या तिघांनी हाच प्रयोग डोंगरावर चढवला. एका झाडाचे तुकडे करून स्टॅनफर्डला 30 मीटरवर, मॅदरला 1,400 मीटरवर आणि टिंबरलाइनला 3,050 मीटरवर लावले. 1940 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत आहेत: झाडाचे रूप म्हणजे थोडे वारशाने आलेले, थोडे जागेने घडवलेले, आणि कोणते किती हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ओस्टस्ट्रूमच्या डझनभर खोल्यांविषयी माझा आक्षेप हाच आहे. त्याच्यासमोर होते ते कागदावर दाबलेले नमुने. प्रत्येक कागद एका जागेचा, एका दिवसाचा. त्यावरून रक्त आणि जागा वेगळी काढणे त्याच्याने काय, कोणाच्यानेच होण्यासारखे नव्हते. त्याचे मोजमाप चोख आहे, खोल्या कच्च्या आहेत. ज्यांनी एकच नाव ठेवले त्यांच्या बाजूला मी बसतो.

याचा अर्थ रूपांची नोंद ठेवू नये असा मात्र कोणी घेऊ नये. उलट एकच नाव ठेवायचे तर नोंद दुप्पट काळजीने ठेवावी लागते. बेंगळुरूच्या वनस्पतींचे पहिले नीट पुस्तक रामस्वामी आणि रझी यांचे, ‘फ्लोरा ऑफ बँगलोर डिस्ट्रिक्ट’, 1973 चे. त्यानंतर सेंट जोसेफ कॉलेजातल्या फादर सेसिल सालढाणांनी हासन जिल्ह्यावर मोठे काम केले. स्मिथसोनियनच्या डॅन निकोल्सनसह त्यांचा ग्रंथ 1976 साली आला, आणि 1984 पासून ‘फ्लोरा ऑफ कर्नाटक’चे खंड. त्यांचे हर्बेरियम आता भारतीय विज्ञान संस्थेत आहे, पण त्याचे जेसीबी हे संक्षेपनाम अजून जोसेफ कॉलेजचेच सांगते. अशा हर्बेरियममधल्या विष्णुक्रांतेच्या कागदावर फुलांचा निळा रंग राहत नाही, दाबल्यावर तो उडून मळकट होतो. म्हणून कागदाच्या कोपऱ्यातली चिठ्ठी महत्त्वाची. फूल निळे होते की पांढरे, झाड उभे होते की पसरलेले, जागा चराऊ होती की राखलेली, शेजारी अशाच आणखी किती आणि त्या कशा दिसत होत्या, हे चिठ्ठीवर नसेल तर कागद मुका. गोळा करणारा घाईत असतो आणि ‘सामान्य, रस्त्याकडेला’ एवढेच लिहून मोकळा होतो. शंभर वर्षांनी तो कागद उघडणाऱ्याला या दोन शब्दांचा काडीचा उपयोग नाही.

हल्ली चिठ्ठीऐवजी मोबाइल आहे. फोटो टाकला की ॲप क्षणात नाव सांगते आणि विष्णुक्रांतेच्या बाबतीत ते पुष्कळदा बरोबरही असते. पण सगळे फोटो वरून, फुलाच्या चेहऱ्याचे. हवे असतात ते वेगळेच. एक फोटो बाजूने, दांडा आणि पान एकत्र दिसतील असा. एक पानाच्या खालच्या बाजूचा. एक बुडख्याकडचा, पेरांना मुळे आहेत की नाहीत ते दाखवणारा. आणि जमले तर एक फुलाच्या पोटाचा. एवढे चार फोटो एका जागेहून, एकाच नव्हे तर पाचसहा झाडांचे मिळाले तर पुढच्या अभ्यासकाला त्यातून काही करता येईल. सुंदर फोटो पुष्कळ आहेत, उपयोगाचे कमी.

आणि हे सगळे ती माळावर आहे तोवरच. हेसरघट्ट्याचे तळे 1894 साली अर्कावतीवर बांधले गेले, बेंगळुरूला पाणी पाजण्यासाठी. त्याच्या भोवतालचे हजारो एकर गवत सरकारी भाषेत बराच काळ ‘रिकामी जागा’ होते. तिथे झाडे लावण्याच्या योजना आल्या, फिल्म सिटीचीही भाषा झाली. माळरानाला झाडांची सावली म्हणजे विष्णुक्रांतेला हद्दपारी, हे वृक्षारोपणाच्या समारंभात कोणी बोलत नाही. राज्याच्या वन्यजीव मंडळाने संवर्धन राखीव क्षेत्राचा प्रस्ताव 2021 साली नाकारला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि 2024 साली पाच हजार एकरांहून मोठ्या क्षेत्राला मंडळाची मंजुरी मिळाली. गवताळ माळ हाही जपण्याजोगा असतो, हे निदान कागदावर तरी आले.

तेव्हा बेंगळुरूत असाल, किंवा सासवडला, किंवा जतच्या माळावर, या भाद्रपदात पत्रीसाठी विष्णुक्रांता हवी असेल तर एवढे करा. सकाळी जा, चार फाटे पाहून खात्री करा आणि नखाने दोनतीन शेंडे खुडा, झाड उपटू नका. पायवाटेवरच्या एकीच्या आणि गवतातल्या एकीच्या चारचार बिया कागदाच्या पुडीत वेगवेगळ्या बांधून आणा आणि गच्चीत सारख्याच उन्हात, सारख्याच मातीच्या दोन कुंड्यांत लावा. पाणीही सारखेच घाला. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही कुंड्यांतली पाने पट्टी लावून मोजा आणि मोजमाप तारखेसह जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. मूळ जागेवरच्या झाडांची चिंता करू नका, बुडखा शाबूत असला की खुडलेली विष्णुक्रांता पुन्हा फुटते.